१९ दिवस उभ्या असलेल्या विद्युत गाडीतील १९ टक्के चार्ज कोठे गेला?

राजारामपुरीकर

सर्वांना सविनय नमस्कार. गेली सव्वादोन वर्षे मी विद्युत चारचाकी वापरतो. तिची मोठी बॅटरी सुमारे ३० किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ३० युनिटांची आहे. रोजचे जाणे-येणे कोल्हापुरातील राजारामपुरी ते कळंबा आणि महिन्यातून एखादवेळी पन्हाळा किंवा जोतिबा एवढेच असल्यामुळे आठवड्यातून एकदा घरी चार्जिंग केले की भागते. मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. गाडीसाठी वेगळा सबमीटर बसवून घेतला असून प्रत्येक वेळी चार्जिंग किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत झाले आणि सबमीटरवर किती युनिट पडले, याची वही ठेवतो.

मे महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी आम्ही उभयता महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला गेलो. निघताना गाडी ८२ टक्क्यांवर होती. १९ दिवसांनी परत आल्यावर पडद्यावर ६३ टक्के दिसले, म्हणजे दिवसाला बरोबर एक टक्का उतरला. मधल्या काळात गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती, चार्जर जोडलेला नव्हता आणि कोणी दारही उघडलेले नव्हते. परत आल्यावर ती नेहमीसारखी सुरू झाली. कोणताही इशारा पडद्यावर आला नाही. सेवाकेंद्रात चौकशी केली असता "उभ्या गाडीत थोडे उतरतेच" एवढेच उत्तर मिळाले. थोडे म्हणजे किती, आणि ते जाते कोठे, हे कोणी सांगितले नाही.

आणखी दोन गोष्टी नमूद करतो, कारण त्यांचा संबंध असू शकेल. नागपुरात असताना मी मोबाइलवरील ॲपमधून दिवसातून दोन-तीन वेळा गाडीची स्थिती पाहत होतो. तसेच गाडीची दुसरी चावी दिवाणखान्यातील खुंटीवर असते आणि त्या भिंतीच्या पलीकडेच गाडीचे तोंड येते.

दिवाळीनंतर आम्हाला दीड महिना पुन्हा नागपूरला राहायचे आहे. याच गतीने ४५ टक्के उतरणार असेल तर गाडी किती टक्क्यांवर ठेवून जावे? बॅटरी आतून खराब होत असल्याचे हे लक्षण आहे का? शेजारी म्हणतात की चार्जर जोडूनच जा; पण बंद घरात महिनाभर सॉकेट चालू ठेवून जाणे मनाला पटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वायरमन, उद्यमनगर

सर, नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि अलीकडे विद्युत गाड्याही बऱ्याच येतात. आपण आकडे व्यवस्थित दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

प्रथम मोठ्या बॅटरीबद्दल. लिथियम-आयन सेल नुसता ठेवून दिला तर महिन्याला साधारण दोन-तीन टक्के उतरतो. त्या हिशेबाने आपल्या १९ दिवसांत दीड-दोन टक्के जायला हवे होते. उरलेले सतरा टक्के कोणीतरी वापरले आहेत. एखादा सेल आतून गळत असता तर तो बाकीच्या सेलपेक्षा मागे पडला असता, सेलमधील फरक वाढला असता आणि गाडीने इशारा दिला असता. शिवाय गाडी चालवतानाही अंतर कमी पडल्याचे आपल्याला जाणवले असते. तसे काही आपण लिहिलेले नाही, म्हणून बॅटरीबद्दलची भीती तूर्त बाजूला ठेवावी.

आता कोणी वापरले ते पाहू. दिवसाला एक टक्का म्हणजे ३० युनिटांतले ०.३ युनिट, म्हणजे ३०० वॉट-तास. त्याला २४ तासांनी भागले की साडेबारा वॉट येतात. याचा अर्थ, साडेबारा वॉटचा एखादा एलईडी बल्ब १९ दिवस अहोरात्र जळत राहावा, एवढा खर्च आपल्या गाडीत होत होता.

विद्युत गाडीत दोन बॅटऱ्या असतात, ही गोष्ट पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. चाके फिरवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते आणि गाडी बंद केली की तिचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, उघडून ती बाकीच्या गाडीपासून वेगळी होते. त्यानंतर कुलपे, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर, ॲपशी बोलणारे सिमकार्डचे युनिट आणि अलार्म या सर्वांना पेट्रोल गाडीत असते तशी १२ व्होल्टची साधी बॅटरीच सांभाळते. गाडी नीट झोपली असेल तर ही सगळी मंडळी मिळून २० ते ५० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे अर्ध्या वॉटच्या आसपास. तिथे साडेबारा वॉट कसे होतील? ते दोन प्रकारे होऊ शकतात. एक तर गाडी झोपतच नाही किंवा तिला वारंवार उठवले जाते. दुसरे म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर एखादा जादा भार आहे. ती उतरली की गाडी स्वतःच जागी होते, मोठ्या बॅटरीचे रिले पुन्हा जोडते आणि डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून (मोठ्या बॅटरीचा दाब लहान बॅटरीला चालेल इतका उतरवणारे यंत्र) लहान बॅटरी पुन्हा भरते. सर्व गाड्यांत ही सोय नसते, पण आपल्या गाडीत ती असावी असा माझा तर्क आहे. हे जागे होणे महाग पडते, कारण गाडी जागी असताना तिचे सगळे कंट्रोलर, पंप आणि रिलेच्या कॉइल मिळून शे-दोनशे वॉट सहज खातात. दिवसातून एक तास ती अशी जागी राहिली तरी दीडशे वॉट-तास गेले. रात्री शांततेत गाडीजवळ उभे राहिलात तर बॉनेटखालून किंवा सीटखालून रिलेचा 'खट्ट' असा आवाज आणि पाठोपाठ बारीक गुणगुण ऐकू येते. ती जागी झाल्याची खूण होय.

ॲप आणि चावी यांचा संबंध निश्चित असू शकतो. काही गाड्यांत ॲप उघडले की जुनी साठवलेली माहिती दिसते, तर काहींमध्ये ताजी माहिती आणण्यासाठी गाडीला उठवले जाते. चावीचेही तसेच आहे. ती गाडीच्या दोन-तीन मीटरच्या आत असेल तर काही गाड्या तिच्याशी बोलत राहतात आणि पूर्ण झोपत नाहीत. तरीही दिवसातून तीनदा ॲप पाहण्याने ३०० वॉट-तास जातील असे मला वाटत नाही. म्हणून एक प्रश्न विचारतो: गाडी घेतल्यानंतर बाहेरून काही बसवून घेतले आहे का? डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जादा हॉर्न, दिव्यांची पट्टी, निदानाच्या सॉकेटमध्ये खोचलेले एखादे ब्लूटूथ यंत्र, काहीही असेल तर सांगावे.

एक सूचना मात्र आताच देतो. १२ व्होल्टच्या बाजूचे फ्यूज काढणे-घालणे कोणत्याही जाणकार वायरमनला जमेल, परंतु नारिंगी रंगाच्या केबलला किंवा तिच्या जोडाला कोणीही हात लावू नये. त्या बाजूचा दाब जीवघेणा असतो आणि गाडी झोपली आहे म्हणून तेथे काही नाही असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

कळंब्याहून

वायरमन दादांचे उत्तर उत्तम आहे. तथापि त्यांनी एक शक्यता विचारात घेतलेली नाही, म्हणून लिहितो. पडद्यावरचा टक्का हा मोजलेला आकडा नसून अंदाज असतो. पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा काटा असतो, तसे सेलमध्ये काहीही नसते. गाडी आत किती अँपिअर-तास गेले आणि बाहेर किती आले याची बेरीज-वजाबाकी करत राहते, आणि ती विश्रांतीत असताना सेलच्या व्होल्टेजवरून ताळा करून पाहते.

आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल असतात. या सेलचे व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते. रंकाळ्याची पातळी बोटभर उतरली तरी तलावातले पाणी किती कमी झालेले असते; तसेच येथे काही मिलिव्होल्टच्या फरकात वीस-पंचवीस टक्के दडलेले असतात. त्यामुळे मधल्या पट्ट्यात गाडीला ताळा नीट करता येत नाही आणि बेरीज-वजाबाकीतली बारीक चूक साठत जाते. म्हणूनच एलएफपी गाड्यांना ठरावीक काळाने १०० टक्क्यांपर्यंत सावकाश चार्ज करायला सांगितलेले असते; टोकाला व्होल्टेज झपाट्याने चढते, तेथे गाडीला खरी जागा कळते आणि सेलची समतोल भरणीही होते.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे घडलेले आहे. दोन महिने मी ती ३० ते ८० टक्क्यांच्या मध्येच वापरली आणि एका रविवारी रात्री ५४ वर ठेवलेली गाडी सकाळी ४७ वर दिसली. गाडी चोरून कोणी चालवली असावी, अशी शंका मी घरात बोलूनही दाखवली. प्रत्यक्षात रात्रीच्या विश्रांतीत गाडीने आपला हिशेब दुरुस्त केला होता. लागोपाठ दोनदा पूर्ण चार्ज केल्यावर तो प्रकार थांबला.

सर, तुमच्याकडे वही आहे, हे फार मोलाचे आहे. परत आल्यावर ६३ टक्क्यांपासून पूर्ण चार्ज करताना सबमीटरवर किती युनिट पडले, ते पाहावे. एरवीच्या दराने पडले असतील तर चार्ज खरोखरच गेला. बरेच कमी पडले असतील तर पडद्याने चुकीचा आकडा दाखवला. शंभरपर्यंत भरले असेल तरच हा ताळा ग्राह्य धरावा.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण विचारल्यावर वही उघडली. नागपूरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ६३ पासून १०० टक्क्यांपर्यंत चार्जिंग केले होते आणि सबमीटरवर १२.४ युनिट पडले. माझ्या गेल्या वर्षभराच्या नोंदींची सरासरी काढली तर १० टक्के चढवायला ३.४ युनिट लागतात. (बॅटरीत प्रत्यक्ष ३ युनिटच जातात, उरलेले चार्जरच्या उष्णतेत आणि गाडी जागी ठेवण्यात खर्च होतात, असे मी समजतो.) त्या हिशेबाने ३७ टक्क्यांना १२.६ युनिट हवे होते आणि पडले १२.४. म्हणजे पडद्याने फसवले नाही. चार्ज खरोखर गेलेला आहे. पूर्ण चार्जिंग मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करतो, त्यामुळेही हिशेब फारसा भरकटला नसावा.

वायरमन दादा, आपला प्रश्न वाचून मला एकदम आठवले. जानेवारीत गल्लीत कोणीतरी आमच्या गाडीवर लांबलचक चरा ओढला होता. त्यानंतर मी शहरातील एका ॲक्सेसरीच्या दुकानातून पुढे आणि मागे बघणारा डॅशकॅम बसवून घेतला. गाडी उभी असतानाही तो चालू राहील अशी जोडणी करून द्या, असे मीच सांगितले होते. दुकानदाराने "बॅटरी उतरू लागली की तो आपोआप बंद होतो, काळजी नको" असे सांगितल्यामुळे मी ती गोष्ट विसरूनच गेलो. जानेवारीपूर्वीच्या नोंदी पाहिल्या. गेल्या दिवाळीत आम्ही नऊ दिवस बाहेर होतो, तेव्हा गाडी ७० वरून ६९ वर आली होती. हे मला पहिल्या प्रश्नातच लिहायला हवे होते.

वायरमन, उद्यमनगर

सर, दिवाळीच्या त्या एका नोंदीने निम्मे काम झाले. काल आपण गाडी घेऊन आलात तेव्हा जे दिसले, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहितो.

झोपलेल्या गाडीचा प्रवाह मोजताना बॉनेट उघडावेच लागते आणि ते उघडे असले की गाडी जागी राहते. म्हणून बॉनेट उघडून त्याची खिट्टी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केली, म्हणजे बॉनेट लागले आहे असे गाडीला वाटते. (बॉनेट खाली घेण्यापूर्वी ती खिट्टी आठवणीने सोडवावी, अन्यथा पत्रा वाकतो.) मग गाडी लॉक केली, चावी रस्त्यापलीकडच्या टपरीवर ठेवली आणि पाऊण तास थांबलो. त्यानंतर १२ व्होल्टच्या ऋण केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा ०.३८ अँपिअर दिसले. डॅशकॅमचा फ्यूज काढताच तोच आकडा ०.०३ वर आला. म्हणजे एकटा कॅमेरा ०.३५ अँपिअर, साधारण सव्वाचार वॉट घेत होता.

दिवसाचे हे शंभर वॉट-तास झाले. पण खर्च तर तीनशेचा आहे, मग उरलेले कोठे गेले, हा प्रश्न सरांनी लगेच विचारला आणि तो रास्त होता. त्यांच्या गाडीतील लहान बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. ०.३८ अँपिअरने ती दिवसाला नऊ अँपिअर-तास उतरते, म्हणजे चौथ्या दिवशी पूर्ण संपायला हवी होती आणि एकोणिसाव्या दिवशी गाडीचे दारही रिमोटने उघडायला नको होते. तरीही गाडी नेहमीसारखी सुरू झाली. यावरून ती जवळजवळ रोज जागी होऊन लहान बॅटरी भरून घेत होती, हे सिद्ध होते. शिशाची बॅटरी भरताना थोडे वाया जाते, म्हणून शंभरचे सव्वाशे-दीडशे धरावे, आणि भरण्यासाठी तासभर जागे राहण्याचे आणखी दीडशे. तीनशेचा हिशेब येथे पुरा होतो.

दुकानदाराने सांगितलेले "आपोआप बंद होते" हे पेट्रोल गाडीत खरे ठरले असते. कॅमेऱ्याच्या किटमध्ये व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेले की वीज तोडण्याची सोय असते. या किटवर तो आकडा १२.० व्होल्टवर लावलेला होता. पेट्रोल गाडीत लहान बॅटरी उतरत १२.० ला येते आणि कॅमेरा बंद पडतो. विद्युत गाडीत मात्र ती तेथवर उतरण्यापूर्वीच मोठी बॅटरी तिला पुन्हा भरते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने बॅटरी कधी उतरतच नाही आणि तो अखंड चालू राहतो. कॅमेऱ्यात दोष नव्हता आणि गाडीतही नव्हता. दोघेही आपापले काम चोख करत होते आणि त्यात मोठी बॅटरी रिकामी होत होती. अशा जोडण्या करून देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट समजून घेतली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. दुकानात बसवताना मालकाला हे कोणी सांगत नाही.

जोडणीतही एक चूक निघाली. किटला तीन तारा असतात: एक कायम चालू लाइनसाठी, एक गाडी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजसाठी आणि तिसरी अर्थची. बसवणाऱ्याने पहिल्या दोन्ही तारा कायम चालू लाइनलाच पिळून लावल्या होत्या. त्यामुळे गाडी उभी आहे हे कॅमेऱ्याला कळतच नव्हते. धक्का लागल्यावरच चित्रण करण्याऐवजी तो दोन्ही बाजूंचे चित्रण अहोरात्र करत होता. आता दोन्ही तारा इग्निशनच्या फ्यूजवर घेतल्या आहेत. उभ्या गाडीवर लक्ष हवेच असेल तर कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र छोटी बॅटरी मिळते, जी गाडी चालताना भरते आणि उभी असताना फक्त कॅमेऱ्याला पुरवते. तो मार्ग खर्चाचा असला तरी योग्य आहे.

लहान बॅटरीबद्दलही सरांना सावध केले आहे. शिशाची बॅटरी रोज खोलवर उतरवून भरली की तिचे आयुष्य घटते. विश्रांतीत १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० च्या खाली म्हणजे संकटात, एवढे आकडे प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावेत. सरांची बॅटरी पूर्ण भरून रात्रभर ठेवल्यावर १२.४ दाखवते. ती पावसाळा काढेल, पण लांबच्या प्रवासाआधी बदलणे इष्ट. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असतानाही लहान बॅटरी मेली की विद्युत गाडी जागची हलत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे रिले ओढायला तिचेच १२ व्होल्ट लागतात.

शाहूपुरीतील सदस्या

हा धागा पहिल्यापासून वाचते आहे आणि खूप शिकायला मिळाले. माझा प्रश्न थोडा पुढचा आहे. आमचे घर व्हीनस कॉर्नरजवळ आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या तळमजल्यात पाणी होते. तेव्हा आमच्याकडे पेट्रोल गाडी होती, आता विद्युत गाडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये यजमानांची नोकरीनिमित्त दोन महिने परगावी बदली आहे आणि मी गाडी चालवत नाही. अशा वेळी गाडी किती टक्क्यांवर ठेवावी, चार्जर जोडून ठेवावा का आणि लहान बॅटरीची केबल काढून ठेवावी का? पाणी आलेच तर काय करावे, हेही कृपया सांगावे.

वायरमन, उद्यमनगर

ताई, चार्ज ५० ते ६० टक्क्यांवर ठेवावा. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि त्यातही उष्णतेत दीर्घकाळ पडून राहणे सोसत नाही. अगदी रिकामे राहणे त्याहून वाईट. गाडी नीट झोपत असेल तर दोन महिन्यांत ६० चे ५० च्या आसपास होतील, त्यात काळजीचे काही नाही.

चार्जर जोडून ठेवण्याबाबत सर्व गाड्यांना एकच नियम लावता येत नाही. काही गाड्या चार्जर जोडलेला असताना लहान बॅटरी वेळोवेळी भरून घेतात, काही एकदा चार्जिंग पूर्ण झाले की पुन्हा लक्ष देत नाहीत. आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. आपल्या जागेत मात्र माझे मत स्पष्ट आहे: तळमजल्यावरच्या सॉकेटला पावसाळ्यात, घरात गाडी जाणणारे कोणी नसताना, चार्जर जोडून ठेवू नये आणि त्या सॉकेटचा एमसीबी खाली पाडून ठेवावा.

लहान बॅटरीची ऋण केबल काढणे हा उत्तम उपाय आहे, परंतु पुस्तिकेत परवानगी असेल तरच. ती काढताना गाडी पूर्ण बंद करून किमान अर्धा तास थांबावे. केबल काढल्यावर रिमोट, अलार्म, ॲप आणि काही गाड्यांत चार्जिंगचे झाकणही चालत नाही, म्हणून किल्लीने उघडणारे दार कोणते आणि बॉनेटची दोरी कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे. केबल काढायची नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा जाणत्या माणसाकडून गाडी अर्धा-पाऊण तास चालू अवस्थेत ठेवून घ्यावी. त्यात लहान बॅटरी भरते आणि मोठ्या बॅटरीचा खर्च फारच थोडा असतो.

पुराबाबत एकच आग्रह धरतो. गाडी पाण्यात सापडू देऊ नका. मोठ्या बॅटरीच्या पेटीला सहसा आयपी ६७ दर्जा असतो, त्याचा अर्थ एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास, तोही कारखान्यातील स्वच्छ पाण्याच्या चाचणीत. आपल्याकडे पंचगंगेचे गाळाचे पाणी कित्येक दिवस हलत नाही. एवढे होऊनही गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करू नये, चार्जरला लावू नये, नारिंगी केबलच्या जवळ जाऊ नये. सपाट ट्रकवर चढवून सेवाकेंद्रात न्यावी आणि तपासणी होईपर्यंत घरापासून व इतर गाड्यांपासून दूर, उघड्यावर उभी करावी. आत ओल शिरलेली बॅटरी कित्येक दिवसांनीही तापू शकते.

राजारामपुरीकर

कॅमेऱ्याची जोडणी बदलल्यानंतर केलेल्या नोंदी देतो. आधी पाच दिवस चावी आतल्या खोलीतील कपाटात ठेवली आणि ॲप एकदाही उघडले नाही. गाडी ७८ वरून ७८ वरच राहिली. पुढचे चार दिवस चावी मुद्दाम जुन्या खुंटीवर टांगली आणि नागपूरप्रमाणे दिवसातून तीनदा ॲप पाहिले. ७८ चे ७७ झाले. पडदा पूर्ण टक्काच दाखवत असल्यामुळे यापेक्षा सूक्ष्म सांगता येत नाही, पण चावी आणि ॲप यांचा वाटा कॅमेऱ्याच्या मानाने लहान आहे एवढे निश्चित म्हणता येईल. चावी आता कपाटातच राहील. दिवाळीनंतर जाताना गाडी ६० टक्क्यांवर, चार्जर न जोडता ठेवणार आहे. लहान बॅटरी त्याआधी बदलून घेईन.

कळंब्याच्या सदस्यांनी सुचवलेला युनिटांचा ताळा माझ्या वहीत आता कायमचा एक रकाना झाला आहे, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

शाहूपुरीच्या ताईंना एक सांगायचे आहे. आमच्या गल्लीत पुराचे पाणी आजवर आलेले नाही आणि शेडमध्ये माझ्या गाडीशेजारी आणखी एक गाडी आरामात मावते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचल्याची बातमी येताच, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता, कोणाकडून तरी गाडी आमच्याकडे आणवून लावावी. संपर्कासाठी येथे खासगी निरोप पाठवावा. दर पंधरा दिवसांनी ती अर्धा तास चालू ठेवून टक्के वहीत लिहून ठेवण्याचे काम मी करीन.